खालच्या मजल्यावरच्या काकांचं यीस्ट

यीस्टवर इतकी माया करणारा दुसरा माणूस जगात असेल, यावर माझा विश्वास नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरेना, तेव्हा ते पाव भाजायला लागले. काकू म्हणायच्या, "बरंच झालं, माझ्या पोळ्यांची जाडी मोजायला लागले होते." दुकानात ते मागच्या रांगेतलं पाकीट काढायला लावत आणि चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचत. घरी आल्यावर यीस्ट कोरड्या काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, वर तारखेची पट्टी आणि मग फ्रीजर. चमचा पुसायचा, परत पुसायचा, तरी पंख्याखाली धरायचा. एका पाहुण्यानं बर्फासाठी फ्रीजर उघडाच ठेवला, तर काका कळवळले, "लावा हो दार, आत जिवंत मंडळी हायत!"

सोसायटीच्या वर्धापनदिनाला पावभाजी ठरली आणि शंभर पाव काकांनी अंगावर घेतले. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा फ्रीज बिघडला. बरणी माझ्या फ्रीजरमध्ये मुक्कामाला आली, सोबत सूचनांचा कागद. मला मात्र नान करून बघायचा मोह झाला. ओला चमचा बरणीत घातला, तेवढ्यात फोन आला आणि बरणी चमच्यासकट दोन दिवस ओट्यावर राहिली, ऐन मे महिन्यात. लक्षात आल्यावर मी ती गुपचूप परत फ्रीजरमध्ये ठेवली.

कार्यक्रमाच्या सकाळी काकांनी कोमट साखरपाण्यात चिमूटभर यीस्ट टाकलं आणि घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं झाली, फेसाचा पत्ता नाही. त्यांचा चेहरा बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "ताई, कंपनीत चूक झाली की समदे दुसऱ्याकडं बोट दाखवायचे. तुमी सांगितलंत, लई झालं. चला, बसा स्कूटरवर."

चिंचवडची चार दुकानं त्यांनी तारखेवरून नापास केली. पाचव्या दुकानदारानं हात जोडून नवा खोका फोडला. दुपारी कणीक टम्म फुगली, तेव्हा काका जिन्यात येऊन ओरडले, "पास!" तीन घरांतले ओव्हन एकदम पेटले, सगळी इमारत ताज्या पावाच्या वासानं भरून गेली, आणि संध्याकाळी लोकांनी भाजी संपल्यावर नुसते पाव खाल्ले.

पांगापांग झाल्यावर काका बाकावर एकटेच बसले होते. मी शेजारी बसले. रिकाम्या परातींकडे बघत ते म्हणाले, "तीस वर्षं भाग तपासले, ताई. ते कुठल्या गाडीत गेले, कोण बसलं त्यात, कधी दिसलं न्हाई. आज खाणाऱ्यांची तोंडं दिसली." त्यांनी स्वतः अजून काहीच खाल्लं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझ्या लेकीसाठी बाजूला ठेवलेला पाव मी आणला, अर्धा त्यांना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून नीट बघितला आणि अगदी सावकाश खाल्ला.