मेंढरांच्या अल्याड

माघातल्या सकाळी जतच्या आमच्या शाळेच्या मैदानावर ऊन सावकाश उतरते. कोवळे, पिवळसर, शेजारच्या रानातल्या कडब्याचा गोडसर वास अंगावर घेऊन आलेले. त्या उन्हात कोमलची सर्व्हिस चाले आणि माझी, म्हणजे तिच्या खेळाच्या बाईंची, चिडचिड.

कोमल धनगराची पोर. वडील मेंढरे घेऊन पार वाळव्याकडच्या उसाच्या रानांत, ती इथे आत्याकडे राहून दहावीत. सांगलीच्या क्रीडा वसतिगृहात व्हॉलीबॉलसाठी निवड झाली तर शिक्षण पुढे. नाहीतर परीक्षेनंतर मेंढरांमागे, असे वडिलांनी स्पष्ट सांगितलेले. त्यांचे गुडघे दुखत होते.

चेंडू खांद्यासमोर हलकाच उडवायचा, मनगट ताठ ठेवायचे, हे तिने चटकन उचलले. पलीकडच्या कोपऱ्यात मी टॉवेल अंथरी, त्यावर चेंडू नेमका पडे. पण समोर मुली उभ्या राहिल्या, की हमखास रेषेबाहेर! भिते म्हणावे, तर ही कोल्ह्याच्या मागे धावलेली पोर. शेवटी मी कावून विचारले, “अगं बाई, तुझं नेमकं होतं तरी काय?”

ती खाली बघत म्हणाली, “बाई, मेंढरांच्या अंगावर दगड घालत न्हाईत. त्यांच्या पल्याड टाकायचा, मग ती माघारी वळत्यात. समोर कुणी दिसलं की हात आपसूक लांब जातोय.”

मला हसू आवरेना. किती वर्षांची ती माया तिच्या दंडात मुरलेली, आणि मी ती मोडायला निघाले होते! दुसऱ्या दिवशी मी टॉवेल जाळीच्या पलीकडे, पण अगदी जवळ अंथरला. “आता ही मेंढरं माघारी नको वळवूस. त्यांच्या अल्याड टाक, पुढं ओढ.” पलीकडच्या आगाऊ मुली लगेच बें बें करू लागल्या, आणि कोमल लय दिवसांनी खळखळून हसली.

सांगलीला निवडीच्या वेळी तिचा चेंडू जाळी ओलांडून अलगद खाली आला. मागे दबा धरून उभ्या मुली धावल्या, पण चेंडू पडून गेला होता. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच. दुपारी तिचे नाव पुकारले, तेव्हा मीच नाचले. ती नुसती उभी.

मग तिने वडिलांना स्पीकरवर फोन लावला. पलीकडून मेंढरांचा कालवा. निवड झाल्याचे तिने सांगितले.

“आबा, मेंढरांमागं आता कोण?” तिने विचारले.

“मी हाय की. अजून पाय चालत्यात माझं.”

एवढा वेळ कोरडी राहिलेली ती पोर तिथेच मैदानात मटकन बसून रडू लागली. तिला उठवायला मी वाकले, आणि मीही तिच्या शेजारी बसले.