साम्फोसने पोसलेले वैरी

पायलिन गावातल्या आमच्या प्रयोगशाळेत साम्फोस रोज हिवतापाच्या जंतूंना जेवू घालायची. ताज्या रक्ताची बशी बरणीत ठेवायची, शेजारी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत विझली की आत उरते तेवढीच हवा जंतूंना मानवते. बरणीवर नुसता आकडा होता, पण ते जंतू तिच्या धाकट्या भावाच्या, रतनकच्या रक्तातले होते. जंगलात लाकडं तोडणारा हा गडी सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊनही मेला.

"गिळा, मेल्यांनो," ती म्हणायची. "तुमचेही दिवस भरत आलेत."

जंतू रक्ताच्या पेशीत वाढतो आणि तिची भिंत फोडून बाहेर पडतो. भिंत फोडायचं त्याचं हत्यारच निकामी करायचं, असा नवा नेम आमच्या लोकांनी धरला होता. त्यासाठीचं औषध पंधरा दिवसांत यायचं होतं. तेवढ्यात राजधानीतल्या साहेबांचा फोन आला. रक्त मिळत नाही, बरणी ओतून टाका, चाचणी जुन्या जंतूंवर करू.

जुने जंतू म्हणजे चाळीस वर्षं बाटलीत पाळलेले, कुठल्याही गोळीने मरणारे. मेलेल्याला मारून शूर व्हायचं! माझं डोकंच फिरलं.

"साहेब, बाटलीतल्या जंतूंनी माणसं मरत नाहीत," साम्फोस म्हणाली. "जंगलातल्यांनी मरतात. रक्त मी देते." फोन ठेवून तिने बाही वर केली.

"बोंग, परवाच दिलंयस," मी म्हणालो. वयाने मोठ्या बाईला, नात्याची नसली तरी, आम्ही बोंग म्हणजे ताई म्हणतो.

"सुई टोच. शहाणपण नको."

पितरांचा पंधरवडा चालू होता. सगळं गाव अंधारातच विहारात जाऊन पितरांसाठी भाताचे मुटके टाकत होतं. ही मात्र बरणीपाशी. शेवटी तिची आई भांडायला आली.

"भाऊ उपाशी हिंडतोय, आणि तू त्याला खाणाऱ्यांना पोसतेस? तेही स्वतःच्या रक्तावर?"

"डुक्कर कापायच्या आधी पोसतातच, आई."

औषध दोन दिवस आधीच आलं, आणि तिने ते लगेच बशीतल्या रक्तात घातलं. पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी तिने बशीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी जंतूंनी ठासून भरल्या होत्या, पण भिंत एकीचीही फुटली नव्हती. सगळे आतल्या आत मेले होते. साहेबांनी अभिनंदनाला फोन केला. तिने तो घेतला नाही.

भर दुपारी ती विहारात गेली. उजाडल्यावर पितर येत नाहीत, म्हणून बायका हसल्या. तिने मातीवर भात ठेवला.

"उशीर झाला, रतनक. आधी त्यांचं उरकायचं होतं. आता तू जेव."