ताईकडे नाही, ताईजवळ

दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आईचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "धाकटी तुझ्याकडे नीट आहे ना गं?" ताई फोन कानाला लावून घरभर फिरत मिरवल्यासारखं सांगायची, "माझ्याकडे आहे म्हटल्यावर नीट नसायला काय झालं?" धाकटी शेजारीच ढमीला मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि हसायची. पहिले दोन महिने ती मनापासून हसली, पुढे नुसती हसली.

ढमी म्हणजे धाकटीची लेक. नाव चांगलं चार अक्षरी ठेवलं होतं, पण त्या गालांपुढे ते कोणाच्या तोंडी बसलंच नाही. चार महिन्यांच्या या पोरीला काखोटीला मारून, दोन विमानं बदलून धाकटी परमुलखात आली ती ताईच्या भरवशावर. नवरा मागे राहिला, कारण त्याचे कागद अडकले होते. "तू हो पुढे, मी महिन्याभरात पोचतोच," असं तो म्हणाला होता. तो महिना आता पाचव्यांदा चालू होता.

ताईचं घर तीन खोल्यांचं. ताई, भाऊजी, त्यांच्या दोन शाळकरी मुली आणि इस्त्रीच्या खोलीत धाकटी नि ढमी. ताई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सकाळपाळी करून पावणेदोनला घरी यायची आणि हातपाय धुतले की ढमीचा ताबा घ्यायची. अंघोळ कधी, खाणं किती पातळ, टोपडं कोणतं, सगळं तीच ठरवणार. धाकटीने आपला कंगवा खिडकीत ठेवला की तासाभरात तो कपाटात गेलेला असायचा. घरात मायेला तोटा नव्हता. तोटा होता तो जागेला आणि धाकटीच्या शब्दाला.

इथली भाषा ताईला येत होती, म्हणून सगळे अर्ज तीच भरायची. नवऱ्याच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला एकदा दोघी कचेरीत गेल्या. खिडकीमागच्या बाईंनी फाईल उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि त्या बराच वेळ बोलत राहिल्या. ताईचा चेहरा पडला.

"काय म्हणतात?"

"काही नाही. घरी गेल्यावर सांगते."

"आत्ता सांग, ताई."

ताईने पर्सचा पट्टा दोनदा नीट केला. "राहण्याची जागा, असं विचारलं होतं ना, तिथे मी 'बहिणीकडे' असं लिहिलं. त्या म्हणतात, तीन खोल्यांत सहा माणसं आधीच आहेत, सातवं बसत नाही. वेगळी जागा हवी, तुझ्या नावाची. दोन महिन्यांत तो पत्ता दिला नाही तर अर्ज बाद. पुन्हा पहिल्यापासून."

यात ताईचा दोष काढावा तर तिने खरं तेच लिहिलं होतं. पण ज्या शब्दावर ती इतके महिने मिरवत होती, त्याच शब्दाने मेहुण्याची वाट अडवली होती, आणि ते तिला मनातून फार लागलं. लागलं की ताई भांडायची. घरी येताच धाकटी "वेगळी जागा बघते" म्हणाली, तेव्हा तिने चपलाही काढल्या नव्हत्या.

"आमचं घर काय चावतं का तुला? आपण सगळे मिळून मोठी जागा बघू."

"त्यात वर्ष जाईल. ढमी रांगायला लागली ती तिच्या बापाने फोनवर बघितली. चालताना पण फोनवरच बघायची का?"

"एकटी राहशील? तुला धड दूध मागता येत नाही दुकानात!"

"येईल मागता. आणि मी काय लांब जातेय? तुझ्या जवळच राहीन. कडे नाही ताई, जवळ."

"मला व्याकरण शिकवू नकोस," असं म्हणून ताईने दार आपटलं.

जागा मिळायची तर नोकरीचं पत्र हवं होतं. धाकटीला एकच काम येत होतं, पण ते चोख. वडिलांचं सायकलचं दुकान होतं आणि शाळा सुटल्यावर ती तिथेच वाढली होती. वाकडं झालेलं चाक डुलायला लागतं, तो आऊट काढण्यात तिचा हात वडिलांपेक्षाही चांगला बसला होता. विमानात वजनाची मारामार, तरी तारा आवळायची त्यांची चावी तिने ढमीच्या लंगोटांत गुंडाळून आणली होती.

दोन गल्ल्या सोडून एक सायकलचं दुकान होतं. मालक म्हातारा, कोणी काही विचारलं की नुसतं "हूं" करायचा, म्हणून ताईच्या मुलींनी त्याला हूंबुवा केलं होतं. थोरल्या भाचीकडून धाकटीने एकच वाक्य पाठ करून घेतलं: मला चाक सरळ करता येतं. ते घोकत ती बाबागाडी ढकलत गेली. हूंबुवांनी वाक्य ऐकलं, ढमीकडे बघितलं आणि नकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. बाई काही हटेना आणि बुवा काही बधेनात.

चौथ्या दिवशी धाकटी काही बोललीच नाही. बाबागाडी ताईच्या मुलींच्या वेळची होती, मोठ्या तारांच्या चाकांची, आणि सारखी डावीकडे ओढायची. धाकटीने ढमीला पाठीशी बांधलं, दुकानासमोरच्या फुटपाथवर गाडी उलटी केली आणि पुढचं चाक फिरवलं. खडू रिमजवळ धरला. जिथे रेघ उठली तिथल्या तारा बघितल्या, एका बाजूच्या अर्धा आटा आवळल्या, समोरच्या तेवढ्याच सैल केल्या. पुन्हा फिरवलं. ढमी तिचे केस ओढत होती आणि येणारेजाणारे वळून बघत होते. लाज वाटली, पण हात थांबला नाही. शेवटी खडू धरला तरी रेघ उठेना.

हूंबुवा केव्हा बाहेर आले ते तिला कळलंच नाही. त्यांनी चाक फिरवलं, एक डोळा मिटून बघितलं आणि "हूं" केलं. हे हूं लांब होतं. मग ते आत गेले आणि एक पार कामातून गेलेलं सायकलचं चाक आणून तिच्यासमोर ठेवलं. तास लागला, पण तेही सरळ झालं. तेव्हा बुवांनी कॅलेंडरवरचा सोमवार दाखवला, घड्याळातले दोन आणि सात दाखवले. शेवटी ढमीकडे बोट करून 'ही नको' अशी मान हलवली. दुकानात हत्यारं होती, त्यांचंही बरोबरच होतं.

म्हणजे घोडं पुन्हा ताईपाशीच अडलं. दोघींचा अबोला चालू होता. ताई भांडी पुसत होती. धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "सोमवारपासून काम मिळालंय. दोन ते सात. ढमीला ठेवायला कोणी नाही."

ताई एकच ताट बराच वेळ पुसत राहिली. "कोणी नाही म्हणजे काय? मी मेले का?"

महिन्याभराने हूंबुवांनी शिक्का मारून पत्र दिलं. हूंबुवांच्याच गल्लीच्या टोकाला, चपलांच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. मुदत संपायला चार दिवस असताना धाकटीने नवा पत्ता कचेरीत नेऊन दिला, आणि खिडकीतल्या बाईंशी मोडकंतोडकं का होईना, स्वतः बोलली. सामानाचे खोके ताईनेच बांधले, पण निघायच्या वेळी "मला कामावर जायचंय" म्हणाली. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

पुढचे तीन आठवडे ताई रोज दुपारी ढमीला सांभाळायची आणि संध्याकाळी आपल्या दारातून हाती द्यायची. धाकटीच्या जिन्याची पायरी मात्र चढली नाही. धाकटीला वाईट वाटायचं, रडूही यायचं, पण तिने जागा सोडली नाही.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ताई, धापा टाकत, हातात पाकीट.

"कालचं टपाल आत्ता बघितलं. नवीन पत्ता दिला तरी पत्र पाठवलं माझ्याकडेच. अक्कल नाही त्या कचेरीला." तिने चष्मा लावून पाकीट फोडलं, वाचलं आणि घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली. "मंजूर झालं गं. येतोय तो."

धाकटी रडली. ताई तिच्याहून मोठ्याने रडली. दोघींना बघून ढमीनेही सूर लावला.

डोळे पुसल्यावर ताईने घरभर नजर फिरवली आणि उठली. "हा कंगवा खिडकीत काय करतोय?" तिने तो उचलला, कपाटापर्यंत गेली, थांबली, आणि परत आणून खिडकीत होता तिथे ठेवला.

इतक्यात दहा वाजले आणि ताईच्या पर्समधला फोन वाजला.

"धाकटी तुझ्याकडे नीट आहे ना गं?" पलीकडून आईने विचारलं.

"माझ्याकडे?" ताई म्हणाली. "ती कुठली माझ्याकडे! मीच तिच्याकडे आलेय."