सगळ्यांच्या खणात मांजर

माहेरी सगळ्या बहिणींत मोठी म्हणून ती थोरली. सासरी आली ती सर्वांत धाकटी सून होऊन. पण तोवर ते नाव अंगाला असं चिकटलं होतं की मोठ्या जाऊबाईसुद्धा तिला “अगं थोरले” अशीच हाक मारायच्या. घरी बसून ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी रोज सकाळी त्या हात जोडताना सगळ्यांसाठी मागून झालं की हळूच सांगायच्या, “देवा, हिचं ते यंत्र आज नीट चालू दे.”

चादरींच्या एका कारखान्यातल्या नक्षी-खोलीसाठी तिने प्रोग्रॅम करून दिला होता. तिथे नक्षी काढणाऱ्या चौघी आणि संगणक दोनच. जी आपल्या नावाने संगणकात शिरेल तिच्यापुढे तिचाच चित्रांचा खण उघडायचा, दुसरीची चित्रं दिसायची नाहीत. “माझी वेल उचलली”, “तुझा मोर माझ्या मोराचा भाऊ दिसतो” ही भांडणं मिटली होती.

आणि एके सकाळी फोन आला. त्यांच्यातली सर्वांत जुनी नक्षीवाली रडकुंडीला आली होती.

“ताई, माझा खण रिकामा! सगळी चित्रं गेली. आज मालकीणबाई नव्या चादरींची नक्षी निवडायला येणार. मी काय दाखवू त्यांना, कपाळ?”

थोरलीने पायांत चपला सरकवल्या. सासूबाई “दोन घास तरी खाऊन जा” म्हणेपर्यंत ती जिन्याखाली होती.

घोटाळा साधाच निघाला. नक्षीवालीने नुकतंच लग्न केलं होतं, तेही चांगले केस पिकल्यावर. कारखान्याचे संगणक सांभाळणारे, ज्यांना सगळे संगणकदादा म्हणत, त्यांनी आहेर म्हणून तिचं संगणकातलं नावही हौसेने बदलून दिलं.

“चित्रं आहेत हो,” थोरली म्हणाली. “पण खणावर जुनं नाव आहे, आणि संगणक सांगतोय नवं. प्रोग्रॅमला वाटतंय तुम्ही आजच कामाला लागलात.”

“इथं बसून बसून पाठीचं धनुष्य झालं, आणि म्हणे आजच लागलात!”

थोरलीला स्वतःचाच राग आला. धाकटी असून जिला जग थोरली म्हणतं, तिने नावावर भरवसा ठेवावा? डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या साखरेचं मीठ होत नाही. खरं तर संगणक खातं उघडतानाच प्रत्येकाला एक सुरक्षा ओळखक्रमांक देतो. मालगाडीसारखा लांबलचक, पुढे एस अक्षराचं इंजिन आणि मागे आकड्यांचे डबे. नाव बदला, पासवर्ड बदला, तो ढिम्म हलत नाही. प्रोग्रॅमने तोच विचारायला हवा होता.

ती तिथेच बसली. चौघींचे आणि दादांचा, असे सगळ्यांचे क्रमांक शोधून तिने ज्याच्या त्याच्या खणाला लावले. दोघी आपापल्या नावाने दोन संगणकांत शिरल्या, आणि दादांनी दोन्हींवर नवा प्रोग्रॅम बसवून सुरू केला. नक्षीवाली श्वास रोखून पुढे सरकली.

खण उघडला. आत एकच चित्र होतं: टाय लावलेलं गलेलठ्ठ मांजर, चहाच्या कपात झोपलेलं.

“हा कुणाचा बोका?”

“अगं बाई, माझ्याकडेपण!” दुसऱ्या संगणकावरची ओरडली.

संगणकदादांचे कान लाल झाले. “ते... माझ्या खणातलं... जेवणाच्या सुट्टीत... सहजच.”

चौघी पोट धरून हसल्या. थोरलीही हसली, आणि मधेच थांबली. “दादा, तुम्ही हा सुरू कसा केलात?”

“नेहमीसारखाच. माझा पासवर्ड घालून, साहेबी अधिकारात. मग कुठं अडत नाही.”

“तरीच! मी प्रोग्रॅमला विचारायला लावलं, तुला सुरू कुणी केलं? विचारायचं होतं, या संगणकात आत्ता शिरलंय कोण? कुलूपवाल्याने कुलूप उघडलं म्हणून घर त्याचं होतं का?”

तेवढ्यात जिन्यावर मालकीणबाईंचा आवाज आला. चौघींतली सर्वांत बोलकी होती, ती वाऱ्यासारखी बाहेर पळाली आणि तिने बाईंना जिन्यातच त्यांच्या नातवाबद्दल विचारलं. आता बाई बराच वेळ वर येत नाहीत.

“ताई, हात चालवा,” नक्षीवाली पुटपुटली.

थोरलीने प्रश्न बदलला, प्रोग्रॅम पुन्हा बसवला. दादांनी पुन्हा साहेबी अधिकारातच सुरू केला, मुद्दामच. मांजर गायब! पडद्यावर वेली, पाखरं, पाण्याच्या लाटा एकामागून एक उघडत गेल्या. नक्षीवालीने पदराने डोळे टिपले आणि लगेच करड्या आवाजात म्हणाली, “तो निळा जरा जास्तच झालाय माझा.”

मालकीणबाईंनी तोच निळा निवडला. दादांनी आशेने मांजर दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “छान आहे. सुट्टीतच काढत जा.”

थोरली घरी पोहोचली तेव्हा दार आधीच उघडं होतं आणि ताट वाढलेलं. तिने जेवता जेवता सगळी हकीकत सांगितली.

“एवढा मोठा आकडा लागतो माणूस ओळखायला?” सासूबाई म्हणाल्या. “मला तर तू खालच्या पायरीवर असतानाच कळलं.”

“कसं काय?”

“या घरात चपला फरफटत एकच माणूस येतं. आणि तेही उपाशी. गप जेव.”