पहिल्या पाण्याचा दगड

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं—आणि भाजी काय करतेस, असं विचारून मोकळा झालो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

मी इतिहासाचा मास्तर. धुळ्याच्या एका कॉलेजात उभा जन्म गेला, आता जळगावला मुलाकडे असतो. वर्गात माझं एक पालुपद होतं—कागद बोलतो, दगड बोलतो, माणूसही बोलतो. पण एकट्याच्या बोलण्यावर जाऊ नका, दुसरा साक्षीदार शोधा. पोरं माझी नक्कल करायची. हुबेहूब करायची, मेली.

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही—बघा, अजूनही भीती जात नाही. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाच्या पाण्यावर पाळीपाळीने भिजणारी सगळ्यांची शेतं. आमच्याकडे त्याला फड म्हणतात. कुणाला आधी पाणी, कुणाला मागून, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहिलं पाणी नानांच्या घराण्याचं. नाना म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पाण्याच्या पंचांमधले मुख्य. गावाचा इतिहास लिहायला त्यांनीच मला बोलावलं. मी गेलो की वरण-बट्टी, वर तुपाची धार, आणि चारचौघांत ‘सर, सर’. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती. तिथे एक अक्का राहायच्या—सत्तरी ओलांडलेल्या, बडबड्या, पानावर पान खाणाऱ्या. त्यांचं घराणं पाटकऱ्याचं, म्हणजे शेताशेतात पाणी सोडणाऱ्याचं. त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं, “पूर उना, बंधारा फुटना. आमना सुका पाटकरी भगदाडमा आडवा पडना, सर. मरी गया, पन बठ्ठं गाव वाचनं.” म्हणून वाचलेल्या सगळ्या गावाने सुकाच्या वंशाला पहिलं पाणी दिलं आणि तसा दगड पाटाच्या तोंडाशी बसवला. लहानपणी पाट झाडायला गेल्या तेव्हा तो दगड त्यांनी पाहिला होता. पुढे गाळ साचला, दगड बुडाला. पाळी केव्हा हातची गेली ते त्यांनाही सांगता येईना. पूर कधीचा, विचारलं तर एकदा म्हणाल्या शिवाजीराजाचा काळ, एकदा म्हणाल्या इंग्रजांचा. मी मान डोलावली आणि मनात हसलो. सांगोवांगी, दुसरं काय!

वैशाखात बंधाऱ्याची दुरुस्ती निघाली. पाट कोरडा पडला, गाळ उपसला. मी सहज फिरत गेलो होतो. तिथे तोंडाशी, चिखलात अर्धा रुतलेला—

दगड होता.

मी गुडघ्यावर बसलो, रुमालाने पुसला. वर चंद्र-सूर्य. खाली आडवा झालेला माणूस, हाताशी फावडं. त्याखाली झिजलेली अक्षरं. सगळी लागली नाहीत. ‘सुका’ लागलं. ‘पहिले पाणी’ लागलं. त्याखालचं ‘वंश’ बोटाने चाचपून लागलं. सांगा, आणखी काय हवं होतं मला? दुसरा साक्षीदार, पहिल्याशी एक शब्दही न बोललेला, तेच सांगत होता. माझ्या सगळ्या नोकरीत असा पुरावा हाती आला नव्हता. मी फोटो काढला.

तेवढ्यात बांधावरून नानांनी हाक दिली. कंत्राटदाराची माणसं उद्या तिथे काँक्रीट ओतणार होती. “सर, तठे काही ठेवासारखं शे का?”

तिथे ठेवण्यासारखं काही आहे का, एवढंच. त्यांनी धमकी दिली नाही, काही देऊ केलं नाही. दगडावर काय आहे ते त्यांना ठाऊक होतं का? मला आजही सांगता येत नाही, आणि त्याच्याआड मला लपायचंही नाही. प्रश्न सरळ होता. मला दिसली ती त्यांची पंगत, माझी पुढची खुर्ची, आणि पहिलं पाणी सुकाच्या वंशाचं असं लिहिल्यावर पडणारे नानांच्या घरच्यांचे चेहरे.

मी म्हणालो, “काही नाही नाना. साधा दगड आहे.”

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर काँक्रीट पडलं. पुस्तकात मी लिहिलं—‘सुका पाटकऱ्याची एक दंतकथा सांगितली जाते, तिला पुरावा आढळत नाही.’ पुरावा आढळत नाही! किती सभ्य वाक्य आहे, नाही?

इथवर एक वेळ भित्रेपणा म्हणता येईल. पण पुढचं ऐका.

काही वर्षांनी अक्कांची नात माझ्याच हाताखाली एम.ए.ला आली. हुशार, हट्टी. प्रबंधिकेसाठी तिने विषय घेतला तिच्या गावचा बंधारा. पहिल्याच भेटीत म्हणाली, सर, आजी सांगते तो दगड खरा असेल तर त्याचा माग कुठे घेऊ? फोटो माझ्या कपाटात होता, ती बसली होती तिथून हातभर अंतरावर. मी तिला पद्धत शिकवली. मौखिक साधन एकट्याने उभं राहत नाही, वगैरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना तो फोटो बंबात घातला. निगेटिव्हही. प्लास्टिक जळाल्याचा वास आला तेव्हा बायको आतून ओरडली, काय जाळताय? मी म्हटलं, कचरा.

पोरीने वर्षभर शोध घेतला. कचेऱ्या पालथ्या घातल्या, जुन्या सनदा पाहिल्या. मी पाहत होतो. जिथे काही सापडणार नाही तिथे तिला पाठवतही होतो. शेवटी तिने लिहिलं—पुरावा आढळत नाही. खाली तळटीप: माझं पुस्तक. माझं खोटं आता आधार झालं होतं.

प्रबंधिकेवर सही घ्यायला आली तेव्हा सहज बोलून गेली. ते प्रकरण तिने आजीला वाचून दाखवलं होतं. अक्कांनी तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाल्या, “सर सांगतस ते खरं व्हई, माय. मीच भलतं काही देखं व्हई.” त्यानंतर सुकाची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पुढच्याच पौषात गेल्या, हे मला मागाहून कळलं.

पण त्या दिवशी आजीचं बोलणं सांगताना पोरगी हसली, सर—म्हणजे आजीसुद्धा तुमचं ऐकते. खोलीत आम्ही दोघंच होतो. घाई नव्हती. मी ‘उत्कृष्ट’ असा शेरा लिहिला, सही केली आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

अक्कांची नजर चुकली नव्हती. दगड होता. मी त्याला हात लावला होता.