मानेवरचा मळ

लेक नऊ वर्षांची, अंगानं चांगली भरलेली. तिच्या मानेवर काळा पट्टा दिसायला लागला, तेव्हा मला तिचाच राग आला. रोज न्हाऊ घालते, तरी ही अशी! अमळनेरच्या घरी दर रविवारी मी तिची मान आधी बेसनानं आणि मग पाय घासायच्या वज्रीनं घासायची. ती रडायची. सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "घस, मळच शे तो."

शेवटी जळगावला डॉक्टरांना दाखवलं. तिचं वजन, पोटाचा घेर बघून ते म्हणाले, "हा मळ नाही, घासून जायचा नाही. वजनामुळं शरीरातलं साखरेचं गणित बिघडायला लागलंय, त्याची ही खूण. रक्त तपासू."

परतताना रिक्षात लेकीनं हळूच विचारलं, "म्हणजे मी घाणेरडी नव्हते ना, मम्मी?"