आहे आणि नाही

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी सईला वाचायला शिकवत होते. पहिलीतली माझी भाची. आत तिची आई, माझी धाकटी बहीण.

दारावरच्या पाटीवरचं "प्रवेश" मीच वाचून दाखवलं. पुढच्या शब्दावर सई अडखळली. "ना… ही…"

"अक्षरं जोडत बसू नकोस गं. हा शब्द सारखा भेटतो, बघताक्षणी ओळखायचा."

"नाही!" ती आनंदाने ओरडली. मी बंद दाराकडे पाहिलं. 'आहे' आणि 'नाही' दिवसभर आपण न बघताच वाचून पुढे जातो. आज सगळं घर त्या दोहोंच्या मधे श्वास रोखून उभं होतं.

दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला.

"शुद्धीवर आहे. सईबद्दल विचारतेय."

सई केव्हाच दाराशी पोहोचली. मी मात्र अजून त्या 'आहे'वरच अडखळले होते.